लाव्याची अंडी उबविणे

लाव्याची अंडी उबविणे : जपानी लावा (बटेर, शास्त्रीय नाव कॉटर्निक्स जॅपोनिका, कुल फॅजिॲनिडी) या पाळीव पक्ष्याची फलित अंडी, मादीची ऊब न देता, नियंत्रित तापमान व आर्द्रता असलेल्या पेटीत ठेवून त्यांतून पिल्ले मिळविण्याची क्रिया. अंडी घातल्यापासून नव्हे, तर ती पेटीत ठेवल्यापासून १७ ते १८ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. कोंबडीच्या अंड्यांना याच कामासाठी २१ दिवस लागतात. क्रिया मुळात सोपी असली, तरी अंड्याचा आकार लहान व कवच पातळ असल्याने तापमान व आर्द्रता यांतील चुका लाव्याच्या बाबतीत लवकर भोवतात.

कोंबडीपालनात एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून पिल्ले काढता येतात. जपानी लाव्यात ही सोय उरलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून केवळ अंड्यांसाठी निवड होत गेल्याने या जातीतील मादीची खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती अंडी घालते व तेथेच सोडून देते. त्यामुळे या पक्ष्याचा वंश सर्वस्वी माणसाने केलेल्या उबवणीवर अवलंबून आहे. गावठी कोंबडीखाली लाव्याची अंडी ठेवण्याचा प्रयोग काही ठिकाणी करतात. परंतु कोंबडीच्या वजनाने व पायांनी पातळ कवचाची अंडी फुटतात, म्हणून ती पद्धत भरवशाची नाही.

इतिहास : उष्णता देऊन अंडी उबविण्याची कला ईजिप्त व चीन येथे प्राचीन काळापासून माहीत होती. यूरोपात फ्रेंच निसर्गवैज्ञानिक रेओम्यूर यांनी तापमापकाच्या साहाय्याने या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास करून १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानमध्ये लावा प्रथम त्याच्या आवाजासाठी पाळला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी अंड्यांसाठी त्याचे पालन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात तेथील बहुतेक पाळीव वाण नष्ट झाले व नंतर उरलेल्या थोड्या पक्ष्यांपासून ते पुन्हा वाढविण्यात आले. भारतात हा पक्षी १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून आणण्यात आला. इझतनगर (उत्तर प्रदेश) येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने (स्थापना १९७९) त्याचे सुधारित वाण तयार केले व तेथून त्याचे पालन इतर राज्यांत पसरले. मार्च १९९० मध्ये ‘मीर’ या अंतराळस्थानकावरील उबवण पेटीत याच पक्ष्याची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली.

रानात आढळणारे लाव्याचे प्रकार यांहून वेगळे आहेत. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्यांची घरटी शोधून अंडी आणणे हा गुन्हा ठरतो. घरी उबविण्यासाठी पाळीव जपानी लाव्याचीच अंडी घ्यावी लागतात.

अंड्यांची निवड व साठवण : लाव्याच्या अंड्याचे वजन साधारणपणे ९ ते १२ ग्रॅ., लांबी सु. ३ सेंमी. व रुंदी सु. २.५ सेंमी. असते. खाण्यासाठी दुकानात मिळणारी अंडी बहुधा नराशिवाय ठेवलेल्या माद्यांची, म्हणजे अफलित असतात. ती कितीही काळजीने उबविली तरी पिल्ले निघत नाहीत. दोन किंवा तीन माद्यांमागे एक नर या प्रमाणात ठेवलेल्या पक्ष्यांची अंडी फलित असण्याचा संभव अधिक असतो. फार लहान, फार मोठी, तडकलेली वा ठिपक्यांविना पांढरट व मऊ कवचाची अंडी वगळतात. मळकी अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक आवरण निघून जाते व छिद्रांतून जंतू आत शिरतात.

गोळा केलेली अंडी १३° ते १६° से. तापमानात, रुंद टोक वर ठेवून, सात दिवसांपर्यंत साठविता येतात. सुमारे २०° से. च्या खाली भ्रूणाची वाढ थांबलेली असते. खोलीतील तापमान २८° ते ३०° से. असल्यास ही वाढ मंदपणे सुरू होते, परंतु नीट चालत नाही आणि भ्रूण दुबळा होऊन मरतो. उन्हाळ्यात अंडी उघड्यावर चार दिवस ठेवल्यास उबवणीत जे नुकसान दिसते, त्याचे कारण पुष्कळदा पेटीत नसून या साठवणीत असते. थंड जागेतून काढलेली अंडी पेटीत ठेवण्यापूर्वी काही तास खोलीच्या तापमानास येऊ द्यावी लागतात. नाही तर कवचावर दव जमते.

उबवण पेटी : घरगुती पेट्यांचे दोन प्रकार आहेत. स्थिर हवेच्या पेटीत उष्णता वरून मिळते व हवा आपोआप फिरते. पंख्याच्या पेटीत लहान विजेचा पंखा हवा सारखी मिसळत राहतो. थर्मोकोलची पेटी, विजेचा दिवा, तापनियंत्रक, लहान पंखा, पाण्याचे पसरट भांडे व जाळीचा तळ एवढ्या साहित्यात कामचलाऊ पेटी तयार होते. अंडी ठेवण्यापूर्वी पेटी निदान २४ तास रिकामी चालवून तापमान स्थिर राहते की नाही हे पाहणे आवश्यक असते. पेटीची जागा ऊन, वारा व स्वयंपाकघराची उष्णता यांपासून दूर, भिंतीच्या आतील बाजूस असावी.

तापमान : पंख्याच्या पेटीत ३७.५° से. तापमान योग्य समजतात. स्थिर हवेच्या पेटीत वरची हवा तापलेली व तळाची थंड असल्याने तेथे ३८.५° ते ३९° से. तापमान ठेवतात आणि ते अंड्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर मोजतात. येथे लाव्याच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. कोंबडीच्या अंड्यांसाठी बनविलेल्या पेटीत तापमापकाचा फुगा तळापासून चार-पाच सेंमी. उंच असतो, लाव्याची अंडी त्याच्या बरीच खाली राहतात. तापमापक योग्य आकडा दाखवीत असताना अंडी प्रत्यक्षात एक-दोन अंशांनी थंड असतात व पिल्ले १९ व्या किंवा २० व्या दिवशी, तीही अशक्त, बाहेर पडतात. फुगा तळापासून सु. २.५ सेंमी. उंचीवर आणल्यास हा दोष जातो.

तापमान वाढणे हे कमी होण्यापेक्षा अधिक घातक असते. एक-दीड तास ३५° से. पर्यंत उतरलेल्या पेटीतील भ्रूण बहुधा वाचतात, मात्र ४०.५° से. च्या वर काही तास गेल्यास मोठ्या प्रमाणावर मरतात. सतत अर्धा-एक अंश जास्त राहिल्यास पिल्ले लवकर निघतात, त्यांची बेंबी नीट मिटत नाही व पाय वाकडे होण्याचे प्रमाण वाढते. पहिल्या चार दिवसांत हृदय व रक्तवाहिन्या तयार होत असल्याने आणि अखेरच्या तीन दिवसांत पिल्लू फुप्फुसाने श्वास घेऊ लागत असल्याने हे दोन काळ सर्वांत नाजूक असतात.

तापमापकाची परीक्षा आधी करून घेणे इष्ट असते. सुमारे ३८° से. तापमानाच्या पाण्यात पेटीचा तापमापक व ताप मोजण्याचा वैद्यकीय तापमापक एकत्र धरून दोहोंतील फरक टिपतात व पुढे तेवढी वजाबाकी किंवा बेरीज करतात. स्वस्त अंकीय तापमापकांत एका अंशाचा फरक असणे नवलाचे नाही, आणि उबवणीत एक अंश पुष्कळ असतो.

आर्द्रतेचे कार्य : अंड्याच्या कवचात सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर जातो व त्याच वाटेने पाण्याची वाफही सतत निघून जाते. ही घट आवश्यक असते. पाणी गेल्याने रुंद टोकाकडील वायुकोष मोठा होतो. बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू आतील पटलाला चोच मारून याच कोषातील हवेवर पहिला श्वास घेते. पहिल्या १४ दिवसांत अंड्याच्या मूळ वजनात सु. १० ते १२ टक्के घट झाल्यास वायुकोष योग्य आकाराचा होतो. घट फार कमी झाली तर कोष लहान राहतो, पिल्लू फुगीर व ओले असते आणि शेवटच्या क्षणी द्रवात गुदमरते. घट फार झाली तर पिल्लू लहान व कोरडे होते व पटल चामड्यासारखे चिवट बनून त्याला चिकटते.

म्हणून आर्द्रता हे साध्य नसून वजनातील घट हे साध्य आहे. पहिले १४ दिवस ५० ते ६० टक्के व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता हे आकडे ही घट सामान्यतः घडवून आणतात, इतकाच त्यांचा अर्थ. पातळ कवचाच्या अंड्यांना थोडी अधिक व जाड कवचाच्या अंड्यांना थोडी कमी आर्द्रता मानवते.

घरगुती काट्यावर एक अंडे अचूक तोलता येत नाही. परंतु सर्व अंडी एकत्र तोलता येतात. उदा., प्रत्येकी ११ ग्रॅ. वजनाच्या ४० अंड्यांचे एकूण वजन ४४० ग्रॅ. होते. चौदा दिवसांत ११ टक्के, म्हणजे सु. ४८ ग्रॅ. घट हवी, म्हणजे दररोज सु. ३.५ ग्रॅ. पाचव्या दिवशी घट १७ ग्रॅ. च्या आसपास असली पाहिजे. ती १० ग्रॅ. असेल, तर पाण्याचे भांडे लहान करावे, २५ ग्रॅ. असेल, तर मोठे करावे. दरम्यान काही अंडी काढून टाकली असल्यास त्यांचे वजन हिशेबातून वगळावे लागते. लाव्याच्या कवचावरील गडद ठिपक्यांमुळे उजेडासमोर धरून वायुकोष पाहणे अवघड जाते, म्हणून वजनाची ही पद्धत येथे विशेष उपयुक्त ठरते.

आर्द्रतेचे मापन : ओल्या व कोरड्या फुग्याच्या तापमापकांची जोडी हे जुने व विश्वसनीय साधन होय. ओल्या फुग्यावर स्वच्छ सुती वात गुंडाळून तिचे टोक पाण्यात सोडतात व फुगा वाहत्या हवेत ठेवतात. कोरडा फुगा ३७.५° से. दाखवीत असताना ओला फुगा २८.३° से. दाखवीत असेल, तर सापेक्ष आर्द्रता सु. ५० टक्के असते, २९.४° से. ला ५५ टक्के, ३०.५° से. ला ६० टक्के, ३१.४° से. ला ६५ टक्के व ३२.३° से. ला ७० टक्के. वात क्षारांनी कडक झाल्यास आकडा खोटा येतो. ती वेळोवेळी बदलतात.

अंकीय आर्द्रतामापक सोयीचे असले, तरी त्यांत पाच ते दहा टक्के चूक सहज असते. ती तपासण्यासाठी लहान वाटीत मिठाला जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालून ती वाटी व मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात सात-आठ तास ठेवतात. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्के असते. मापक ७५ ऐवजी ६८ दाखवीत असेल, तर तो सात टक्के कमी दाखवितो असे समजतात.

ऋतू व हवामान यांचा परिणाम : हवा तापविली असता तिच्यातील वाफ तेवढीच राहते, पण तिची वाफ सामावण्याची क्षमता वाढते, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता उतरते. ३७.५° से. ला संपृक्त बाष्पदाब सु. ४८ मिमी. पारा इतका असतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत खोलीचे तापमान २८° से. व आर्द्रता ८५ टक्के असल्यास हवेतील बाष्पदाब सु. २४ मिमी. होतो, तीच हवा पेटीत तापल्यावर पाण्याचा थेंबही न घालता ५० टक्के आर्द्रता मिळते. अशा वेळी पुस्तकातील सूचनेप्रमाणे भांडे भरून ठेवल्यास पिल्ले गुदमरतात. उलट नासिक भागातील हिवाळ्यात पहाटेची हवा १२° से. व ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर ती पेटीत केवळ १३ टक्के आर्द्रतेची होते व पाण्याचे पृष्ठफळ मोठे ठेवावे लागते.

विदर्भातील मे महिना ही वेगळीच अडचण आहे. बाहेर ४२° से. व १५ टक्के आर्द्रता असता पेटीत सु. १९ टक्केच आर्द्रता राहते; परंतु त्याहून गंभीर गोष्ट ही, की तापनियंत्रक दिवा बंद करू शकतो, पेटी थंड करू शकत नाही. खोली ३७° से. च्या वर गेली की अंडी तापतच राहतात. म्हणून त्या काळात पेटी तळमजल्यावरील सर्वांत थंड खोलीत ठेवतात. पाण्यावर चालणारा कूलर किंवा वाळ्याचे ओले पडदे यांनी खोली ३०° से. व ६० टक्के आर्द्रतेवर आणता आल्यास पेटीत सु. ३९ टक्के आर्द्रता विनासायास मिळते व उरलेली लहानशा भांड्याने भागते. ही सोय नसल्यास एप्रिल व मे वगळून ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात अंडी उबविणे श्रेयस्कर ठरते.

पाण्याच्या भांड्याची खोली नव्हे, तर पृष्ठफळ आर्द्रता ठरविते. एक खोल पेला ठेवण्यापेक्षा पसरट थाळी अधिक परिणामकारक असते. स्पंजाचे तुकडे ठेवल्यास पृष्ठफळ आणखी वाढते. पाणी घालताना ते कोमट असावे. आर्द्रता वाढविण्यासाठी हवेची छिद्रे बुजविणे मात्र चुकीचे आहे. वाढत्या भ्रूणाला, विशेषतः दहाव्या दिवसानंतर, ताज्या हवेची गरज उत्तरोत्तर वाढत जाते.

अंडी फिरविणे : भ्रूण कवचाच्या पटलाला चिकटू नये म्हणून अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवितात. ही संख्या विषम ठेवल्याने लागोपाठच्या दोन रात्री अंडे एकाच बाजूवर राहत नाही. अंड्याच्या दोन बाजूंना शिसपेन्सिलीने फुली व वर्तुळ काढल्यास गोंधळ होत नाही. यांत्रिक तबक ४५ अंशांनी आलटून पालटून कलते; त्यातील खाचा कोंबडीच्या अंड्यांच्या मापाच्या असल्यास लाव्याची अंडी त्यांत आडवी पडतात, म्हणून बारीक खाचांचे तबक लागते. चौदाव्या दिवसाच्या अखेरीस फिरविणे थांबवितात व अंडी जाळीवर आडवी ठेवतात.

वीज खंडित झाल्यास पेटी उघडू नये. तीवर गोधडी वा घोंगडी टाकून हवेची छिद्रे तेवढी मोकळी ठेवावीत. खंड दोन तासांहून लांबल्यास गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून अंड्यांपासून थोड्या अंतरावर ठेवतात.

पिल्ले बाहेर पडणे : पंधराव्या दिवसापासून आर्द्रता वाढवितात व तळाशी खरबरीत कापड पसरतात. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात व ते कायमचे अधू होतात. सोळाव्या-सतराव्या दिवशी कवचाला पहिला टवका पडतो. पुढे काही तासांनी पिल्लू चोचीवरील कठीण उंचवट्याने कवच गोलाकार कापून बाहेर येते. कवचाच्या आतून पिल्ले टिकटिक असा आवाज करतात व त्या आवाजाने शेजारच्या अंड्यांतील पिल्ले आपली वाढ जुळवून घेऊन जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात, असे केंब्रिज येथील संशोधिका मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखविले. या काळात झाकण उघडल्यास आर्द्रता क्षणात निम्म्यावर येते. एका अडकलेल्या पिल्लाला मदत करण्याच्या ओढीने पेटी वारंवार उघडली जाते आणि टवका पडलेल्या इतर दहा अंड्यांतील पटले वाळून ती पिल्ले आतच अडकतात. म्हणून सर्व पिल्ले निघून अंग कोरडे होईपर्यंत पेटी बंद ठेवणे हाच नियम पाळतात. पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू २४ तास सहज राहू शकते.

अंगठ्याएवढे हे पिल्लू ६ ते ८ ग्रॅ. वजनाचे असते. त्याला पहिला आठवडा ३५° ते ३७° से. ची ऊब देतात व नंतर दर आठवड्यास सु. ३° से. ने ती कमी करतात. पाण्याच्या उथळ ताटलीत गोट्या वा खडे घालतात. नाही तर पिल्ले तीत बुडून मरतात. अंडी व पिल्ले हाताळल्यानंतर हात साबणाने धुणे आवश्यक असते.

दोषांचे निदान : सर्व काळजी घेऊनही बसविलेल्या अंड्यांपैकी ६५ ते ७५ टक्के अंड्यांतून पिल्ले निघाली, तर उबवण चांगली झाली असे मानतात. न फुटलेली अंडी अठराव्या दिवसानंतर एक-दोन दिवस थांबून फोडून पाहिल्यास पुढील खेपेसाठी निश्चित माहिती मिळते. आत भ्रूणाचा मागमूस नसेल, तर अंडे बहुधा अफलित होते व दोष नर-मादी प्रमाणाचा असतो. रक्ताचे कडे दिसल्यास भ्रूण पहिल्या काही दिवसांत मेला. साठवणीतील उष्णता किंवा आरंभीचे चुकीचे तापमान हे त्याचे कारण. पूर्ण वाढलेले, ओले व सुजलेले पिल्लू कवच न फोडता मेले असेल, तर आधीच्या १४ दिवसांत आर्द्रता जास्त होती. कवच फोडलेले पण पटलाला चिकटून वाळलेले पिल्लू अखेरच्या दिवसांतील कमी आर्द्रता दर्शविते. सर्व पिल्ले वेळेआधी निघाल्यास तापमान जास्त व उशिरा निघाल्यास ते कमी होते. पिल्ले तीन दिवस रेंगाळत निघाली, तर पेटीच्या निरनिराळ्या भागांत तापमान सारखे नव्हते किंवा ताजी व जुनी अंडी एकत्र ठेवली होती, असा अर्थ होतो.

प्रत्येक खेपेची तारीख, अंड्यांचे आरंभीचे व चौदाव्या दिवसाचे वजन, दिवसातून दोनदा घेतलेले तापमान व आर्द्रता आणि निघालेल्या पिल्लांची संख्या यांची नोंद ठेवल्यास दोन-तीन खेपांतच त्या घराला, त्या ऋतूला व त्या पेटीला लागू पडणारे आकडे हाती येतात. सर्वसाधारण कोष्टकांपेक्षा हे आकडे अधिक उपयोगी पडतात. [⟶ कुक्कुटपालन].